आधी विचारा, निगेटिव्ह कुठली?

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ चा. घरच्या पडद्यावर तो हवा तेव्हा पाहता यायला लागला त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. आधी व्हीएचएस कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, ब्लू-रे आणि आता फोर-के. दर थोड्या वर्षांनी जुने सिनेमे नव्या डबीत येतात, डबीवर ‘रीमास्टर्ड’ असं ठळक छापलेलं असतं, आणि कपाटात तोच सिनेमा असणाऱ्या माणसाला प्रश्न पडतो की पुन्हा पैसे घालावेत का. या सगळ्या वर्षांकडे मागे वळून पाहिलं तर मला एकच कसोटी टिकलेली दिसते. नवी आवृत्ती फिल्मच्या कुठल्या प्रतीवरून केली आहे? त्याचं उत्तर मिळालं की घ्यायचं का नाही, हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि तिच्यावरून थिएटरात जाणारी प्रिंट. प्रत्येक पायरीला थोडे बारकावे गळतात आणि करड्या रंगाच्या छटा एकमेकींत मिसळत जातात. आपण थिएटरात पाहायचो ती या साखळीतली शेवटची कडी, तीही अनेक गावं फिरून ओरखडलेली. व्हीएचएसच्या काळात कॅसेटसाठी बहुधा अशीच एखादी प्रिंट वापरली जाई. ‘पथेर पांचाली’तल्या दुर्गाच्या आजारपणातली ती वादळी रात्र कॅसेटवर म्हणजे काळा पडदा आणि वाऱ्याचा आवाज. शिवाय आपल्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरायची ती वेगळीच. तरीही त्या कॅसेटींना नावं ठेवायला माझं मन धजत नाही. फिल्म सोसायटीचं सभासदत्व नसलेल्या माणसाला राय, कुरोसावा, डी सिका भेटले ते त्यांच्यामुळे.

व्हीसीडी हे खरं तर पुढचं पाऊल नव्हतंच. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, एका तबकडीवर सव्वा तासाच्या आत-बाहेर मजकूर, म्हणून एका सिनेमाला दोन-तीन तबकड्या. पाऊस पडू लागला किंवा गवत हलू लागलं की चित्राचे चौकोन पडत. पण ती स्वस्त होती. २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, आणि सिनेमा विकत घेऊन घरात ठेवणं ही मध्यमवर्गीय मराठी घराला परवडणारी गोष्ट झाली.

डीव्हीडीने मात्र मोठी उडी घेतली. ठिपके ७२० बाय ५७६, उपशीर्षकं हवी तेव्हा, चित्र स्थिर. कॅसेट टाकून डीव्हीडी घेणाऱ्याचे पैसे वाया गेले नाहीत. तरी आपल्याकडच्या कित्येक तबकड्यांवर कोपऱ्यात विक्रेत्याचा शिक्का सिनेमाभर चिकटलेला असे. पुढे रुंद टीव्ही आले तेव्हा जुन्या, जवळजवळ चौकोनी चौकटीचे सिनेमे वरून-खालून कापून पडदाभर करण्याची खोड लागली. माणसांची कपाळं गेली, पाय गेले, आणि त्यालाच सुधारलेली आवृत्ती म्हटलं गेलं. अशी प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट कानाची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचा पाल पद्धतीचा टीव्ही २५ ने. म्हणून पाल कॅसेटवर आणि डीव्हीडीवर सिनेमा चार टक्के वेगाने पळायचा, आणि आवाज मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर पट्टीही अर्ध्या स्वराहून थोडी कमी, पण कळेल इतकी चढायची. ‘पथेर पांचाली’तली रविशंकरांची सतार ज्यांनी अशा प्रतीवर ऐकली, त्यांनी ती चढ्या पट्टीत ऐकली. ब्लू-रेवर सिनेमा २४ च्या वेगानेच चालतो. संगीत मनापासून ऐकणाऱ्याला नवी प्रत घ्यायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

‘पथेर पांचाली’पासून सुरू होणाऱ्या अपूच्या तीन सिनेमांची खरी कथा मात्र या तबकड्यांच्या बाहेर घडत होती. राय यांना १९९२ मध्ये मानद ऑस्कर दिलं गेलं तेव्हा समारंभात दाखवायला त्यांच्या सिनेमांच्या धड प्रती मिळेनात. त्यातूनच मूळ निगेटिव्ह दुरुस्तीसाठी लंडनला गेल्या, आणि जुलै १९९३ मध्ये तिथल्या हेंडरसन लॅबोरेटरीला आग लागली. ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’, ‘अपूर संसार’, तिन्हींच्या निगेटिव्ह होरपळल्या. उरलेले तुकडे निरुपयोगी म्हणून कोणी टाकून दिले असते, तर नवल नव्हतं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयाने ते जपून ठेवले. त्या निर्णयाबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

वीस वर्षांनी क्रायटेरियन कंपनीने या जपलेल्या तुकड्यांचे डबे उघडले. इटलीतल्या बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोव्हाता’ या प्रयोगशाळेत ठिसूळ झालेल्या फिल्मला रसायनांनी ओलावा दिला गेला, वितळलेला चिकटा आणि टेप सोडवली गेली, फिल्मच्या कडेची तुटलेली भोकं हाताने नव्याने जोडली गेली. या हाताच्या कामालाच जवळजवळ हजार तास लागले. शेवटी ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग थेट मूळ निगेटिव्हमधून मिळाला. बाकीचा भाग, आणि ‘अपूर संसार’ तर पूर्णच, जगभरच्या संग्रहांतल्या चांगल्यात चांगल्या प्रतींवरून घेतला. हे काम मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या पडद्यावर आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्लू-रेवर आलं.

फरक काय पडला, हे ‘अपराजितो’मधल्या बनारसच्या घरात दिसतं. त्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलेलं होतं. वर पांढरं कापड ताणून, त्यावर दिवे मारून, तिथून परतणाऱ्या उजेडात छायालेखक सुब्रत मित्रांनी चित्रण केलं. आकाशाकडून चौकात झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड त्यांना हवा होता. कॅसेटवर, डीव्हीडीवर हे घर नुसतं फिक्कट दिसायचं. ब्लू-रेवर प्रथमच तो उजेड उजेडासारखा दिसला. अपूच्या आईच्या, सर्वजयाच्या चेहऱ्यावर तो कसा पसरतो, भिंतीच्या ओलीवर कसा मरतो, सगळं कळतं. हा सिनेमा अनेकदा पाहिलेल्या माणसालाही सुब्रत मित्र काय तोलाचे छायालेखक होते, ते इथे नव्याने उमगतं. डीव्हीडी घरात असताना ही प्रत घ्यावी का, या प्रश्नाला माझं उत्तर निःसंदिग्ध होकाराचं आहे.

पण याच काळात ब्लू-रेच्या नावाखाली नुकसानही झालं. फिल्मवर जो दाणा दिसतो, ज्याला ग्रेन म्हणतात, ती घाण नव्हे. चित्र त्याचंच बनलेलं असतं. संगणकाने तो पुसला की त्वचेची छिद्रं, कापडाचा पोत, दाढीचे खुंट, सगळं सोबत जातं. तांब्याचं भांडं लख्ख करण्याच्या नादात त्यावर कोरलेलं आजीचं नाव घासून टाकावं, तसा हा प्रकार. ‘प्रिडेटर’ची २०१० ची आवृत्ती यासाठी बदनाम झाली, चेहरे मेणाचे झाले होते. ‘पॅटन’ची २००८ ची ब्लू-रे अशीच निघाली आणि २०१२ मध्ये नवी काढावी लागली. ‘द फ्रेंच कनेक्शन’चं प्रकरण तर थेट दिग्दर्शकाच्या हातून घडलं. २००९ मध्ये विल्यम फ्रीडकिन यांनी सिनेमाचे रंगच बदलले, छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी जाहीर निषेध केला, आणि तीन वर्षांत मूळच्या जवळची दुसरी आवृत्ती आली. तिन्ही ठिकाणी ज्यांनी जुनी डीव्हीडी विकून टाकली नव्हती, ते शहाणे ठरले.

म्हणून नवी प्रत घेतली तरी जुनी टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन आला आणि त्याचा गाजावाजा झाला. पण के. आसिफ यांनी घडवलेला मुख्यतः कृष्णधवल, मोजक्या रिळांत रंगीत होणारा सिनेमा पाहायचा तर जुनी तबकडीच काढावी लागते. ‘शोले’चं उलट झालं. आणीबाणीत सेन्सॉरमुळे बदललेला शेवट आपण थिएटरात पाहिला. ठाकूर गब्बरला ठार करतो तो मूळ शेवट पुढे काही व्हिडिओ प्रतींतून फिरत राहिला. आणि २७ जून २०२५ रोजी फिल्म हेरिटेज फाउंडेशनने रिस्टोअर केलेला न कापलेला ‘शोले’ बोलोन्याच्या चौकात दाखवला गेला. मूळ निगेटिव्ह फारच खराब झालेली असल्यामुळे इतर प्रतींचा शोध घेऊन तो उभा करावा लागला.

ब्लू-रेवरून फोर-केकडे जाताना मी हात आखडता घेईन. डीव्हीडीहून ब्लू-रेचे ठिपके पाचपट, ब्लू-रेहून फोर-केचे चौपट, म्हणजे कागदावर उडी मोठी. पण त्याच रिस्टोरेशनची फोर-के तबकडी ४३ इंची टीव्हीवर दहा फुटांवरून पाहिली तर कृष्णधवल ‘पथेर पांचाली’त पडणारा फरक थोडा आहे. मोठा पडदा किंवा प्रोजेक्टर असेल, किंवा सिनेमा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’सारखा ६५ मिलिमीटर निगेटिव्हवर चित्रित झालेला असेल, तर गोष्ट निराळी. फोर-केमध्ये भारतातल्या प्रेक्षकाला एक फायदा मात्र आहे. अमेरिकेतल्या क्रायटेरियनच्या ब्लू-रे रीजन ए च्या असतात, आपण रीजन सी मध्ये, त्यामुळे इथल्या साध्या प्लेअरवर त्या चालत नाहीत. फोर-के तबकड्यांना रीजनचं बंधन नाही.

आणि मराठी सिनेमा? आपल्याला पुन्हा विकत घ्यावं का, हा प्रश्न पडण्याची वेळच फारशी आलेली नाही, याचं मला दुःख आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातलं पुष्कळ काही गेलं. ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला होता. अशा सिनेमांची नवी आवृत्ती निघेल ती आता मागे उरलेल्या प्रतींवरूनच. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली २०२२ मध्ये सुमारे २,२०० सिनेमांच्या रिस्टोरेशनची आणि त्यासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली. या कामातले मराठी सिनेमे महोत्सवांतल्या एखाद-दुसऱ्या खेळापुरते न ठेवता त्यांच्या तबकड्या दुकानात याव्यात. चौकट मूळची असावी, ग्रेन शाबूत असावा, कोपऱ्यात शिक्का नसावा, आणि कुठल्या प्रतीवरून काम केलं ते डबीच्या पाठीवर स्पष्ट छापलेलं असावं. ‘संत तुकाराम’, ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘श्यामची आई’, ‘जैत रे जैत’ यांच्या तबकड्या अशा निघाल्या, तर घरात जुनी तबकडी असतानाही मी सगळ्या पुन्हा विकत घेईन.