गाठीला रक्त कोठून मिळते?



पाण्यावाचून पीक नाही, ही गोष्ट बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. घाटावर विहिरीचा तळ दिसू लागला की जीव खालीवर होतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात पाणी लागते, पण ते खारे. आपल्या देहाचे शेतही असेच पाण्यावर चालते. ते पाणी म्हणजे रक्त, आणि रक्तवाहिन्या हे त्याचे पाट. पाटाचे पाणी पिकाला मिळते तसे तणालाही मिळते. तण मात्र एक पाऊल पुढे जाते. ते स्वतःसाठी नवा पाट फोडून घेते. कर्करोगाची गाठ हेच करते. ती हे कसे करते, डॉक्टरांना ते चित्रात कसे दिसते आणि त्यावरून आपण काय ध्यानात घ्यावे, हे पुरुषांच्या एका आजाराच्या निमित्ताने आज पाहू.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. मराठी ग्रंथांत तिला अष्ठीला ग्रंथी म्हणतात; दवाखान्यात सगळे प्रोस्टेट म्हणतात. लघवीची नळी या ग्रंथीच्या मधूनच जाते. म्हणून उतारवयात ग्रंथी फुगली की धार बारीक होते, रात्री चारचारदा उठावे लागते. असे फुगणे बहुतेक वेळा साधेच असते, तो कर्करोग नव्हे. पण काही जणांत याच ग्रंथीत कर्करोग धरतो. तो पुष्कळदा बाहेरच्या कडेला सुरू होतो. तेथे नळी दाबली जात नाही, म्हणून आरंभी काही त्रासच जाणवत नाही.

आता गाठ वाढते कशी ते पाहू. देहातली प्रत्येक पेशी रक्तातला प्राणवायू घेऊन जगते. केसाहून बारीक अशा रक्तवाहिनीपासून हा प्राणवायू फार तर मिलिमीटरच्या एकदोन दशांशापर्यंत पोहोचतो. त्यापलीकडची पेशी उपाशी राहते. म्हणून रक्तवाहिन्या नसतील तर गाठ मोहरीच्या दाण्याएवढी होऊन थांबते. अमेरिकेतले शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांच्या हे प्रयोगशाळेत ध्यानात आले. शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या ग्रंथीत गाठी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढत आणि तेथेच खुंटत. गाठ नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते तेव्हाच ती फोफावते, हा विचार त्यांनी १९७१ साली मांडला. पुढे सशाच्या डोळ्यात याची प्रचीती आली. डोळ्यातल्या पाण्यात तरंगणारी गाठ लहानच राहिली. तीच रक्तवाहिन्या असलेल्या पडद्याला टेकवताच झपाट्याने वाढली.

उपाशी पेशी काय करते? ती एक रासायनिक हाक देते. त्या द्रव्याला व्हीईजीएफ असे नाव आहे. ही हाक ऐकून जवळच्या रक्तवाहिनीला धुमारे फुटतात आणि ते गाठीकडे धावतात. यात परके असे काही नाही. खुरपे लागून बोट कापले की जखमेत लालसर कोंब दिसतो, तो याच हाकेने आलेला असतो. फरक इतकाच की जखम भरली की हाक थांबते. गाठीची हाक थांबत नाही. शिवाय घाईने खोदलेला पाट जसा वाकडातिकडा आणि झिरपणारा, तशाच गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. हा गळकेपणाच डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.

एमआरआय नावाचे यंत्र आपण ऐकले असेल. त्यात क्ष-किरण नसतात. मोठ्या लोहचुंबकाच्या साहाय्याने शरीरातल्या पाण्याचा ठाव घेऊन ते चित्र काढते. अष्ठीला ग्रंथी त्यात तीन नजरांनी पाहता येते. पहिली नजर ग्रंथीची ठेवण दाखवते. दुसरी नजर पाण्याचे कण किती मोकळे हलतात ते पाहते. शेगावला उत्सवाच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत माणसाला हात हलवता येत नाही, आणि बाहेर मैदानात तोच माणूस मोकळा फिरतो. कर्करोगाच्या पेशी अशाच दाटीवाटीने बसलेल्या असतात, त्यामुळे तेथले पाणी अडकून राहते आणि ती जागा उठून दिसते.

तिसरी नजर रक्तवाहिन्यांची. शिरेतून गॅडोलिनियम या धातूचे औषध टोचतात आणि काही सेकंदांच्या अंतराने चित्रे घेत जातात. गाठीत औषध लवकर भरते, आणि पुष्कळदा लवकर ओसरतेही. शिक्षकबंधूंनी हे वर्गात सहज दाखवावे. एका कुंडीत वाळू, दुसरीत काळी माती घ्यावी आणि दोहींत सारखेच पाणी ओतावे. वाळूत पाणी झरकन शिरते आणि झरकन निथळते; काळी माती सावकाश पिते. गाठ वाळूसारखी वागते, निरोगी ग्रंथी काळ्या मातीसारखी.

या चित्रांवरून संशयाला १ ते ५ असे गुण देतात. ग्रंथीच्या कडेच्या भागात एखाद्या जागेला ३ गुण मिळाले, म्हणजे मन द्विधा झाले, आणि तेथे औषध लवकर भरलेले दिसले, तर तो गुण ४ होतो. पण गुण म्हणजे निकाल नव्हे. वाळूसारखे तर सुजलेले मांसही वागते. म्हणून संशयाच्या जागेतून सुईने तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. खरा निवाडा तेथेच होतो. चित्राचा लाभ असा की सुई अंधारात मारावी लागत नाही. २०१८ साली ११ देशांतल्या ५०० पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी चित्र काढलेल्या गटात दखल घेण्याजोगा कर्करोग शंभरात ३८ जणांत सापडला, जुन्या रीतीने सुई टोचलेल्या गटात २६ जणांत. शिवाय चित्र काढलेल्यांपैकी चौथाईहून अधिक जणांना सुईची गरजच पडली नाही.

येथे आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट महत्त्वाची आहे. गॅडोलिनियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. खारपाणपट्ट्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतून मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. ज्याचे मूत्रपिंड फार अधू झाले आहे, त्याने ही गोष्ट तपासणीआधीच सांगितली पाहिजे. मग डॉक्टर औषध टाळतात किंवा विचारपूर्वक निवडतात. टाळले म्हणून काम अडतेच असेही नाही. पहिल्या दोन नजरांनी काढलेले चित्र आणि तिन्ही नजरांनी काढलेले चित्र यांची अनेक देशांत तुलना झाली. तिचा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. चित्र नीट निघाले असेल तर पहिल्या निदानासाठी दोन नजरा पुरतात, तिसरीवाचून कर्करोग ओळखण्यात उणेपणा येत नाही, असे दिसले. म्हणजे टोचणे वाचते, वेळ वाचतो आणि खर्चही कमी होऊ शकतो. "माझ्या बाबतीत हे इंजेक्शन हवेच का?" असे डॉक्टरांना नम्रपणे विचारायला संकोच नको.

मग कोणी म्हणेल, पाटच बुजवला तर तण वाळणार नाही का? विचार सरळ आहे. व्हीईजीएफची हाक दाबणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले. अष्ठीलेच्या पसरलेल्या कर्करोगात हजारावर रुग्णांना नेहमीच्या औषधाबरोबर ते देऊन पाहिले. २०१२ साली निष्कर्ष आला. रोग काही काळ अधिक थोपला, पण आयुष्य वाढले असे सिद्ध झाले नाही, उलट अपाय अधिक झाले. एक पाट बुजवला तर गाठ दुसरीकडून फोडते. म्हणून "गाठीचे रक्त तोडतो" असे सांगून कोणी औषध विकू लागला तर सावध राहावे.

या रोगाचे खरे मर्म दुसरीकडे सापडले. बैल खच्ची केला की त्याची ही ग्रंथी आक्रसते. हे का होते? तिचे पोषण पुरुषसंप्रेरकावर चालते म्हणून. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले की हे संप्रेरक घटवले की रुग्णाचा कर्करोगही ओसरतो. त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरक घटले की ग्रंथीतला रक्तप्रवाहही मंदावतो, असे पुढे प्राण्यांत दिसले. पसरलेल्या रोगावरच्या उपचाराचा पाया आजही हाच आहे.

हा रोग पसरतो तो बहुधा हाडांत, विशेषतः कण्यात आणि कमरेच्या हाडांत. तो कोठवर गेला हे पाहण्यासाठी पेट नावाची तपासणी असते; भारतातले पहिले पेट यंत्र २००२ साली मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले.

आणि येथेच आपल्या गावांतली मोठी फसगत होते. साठी ओलांडलेला शेतकरी म्हणतो, "कंबर धरली." घरचे म्हणतात, जन्मभर वखर-डवरे हाकले, कंबर दुखणारच. लेप लावतात, शेक देतात, महिने जातात. पुष्कळदा ते दुखणे कष्टाचेच असते. पण जे दुखणे रात्री पडल्यावरही थांबत नाही, दिवसेंदिवस वाढते, ज्याच्या जोडीला वजन उतरते किंवा लघवीचा त्रास असतो, ते तपासलेच पाहिजे. पायांतले बळ एकाएकी गेले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लघवीची धार मंदावली, लघवीतून रक्त आले, तर लाज धरू नये. ग्रामीण रुग्णालयात किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात जावे. पहिली तपासणी साधी असते: बोटाने ग्रंथी चाचपणे आणि पीएसए नावाची रक्ताची चाचणी. पीएसए साध्या सुजेनेही वाढते, म्हणून आकडा पाहून घाबरू नये, आणि घाबरून घरीही बसू नये. मोठ्या तपासणीसाठी शेत गहाण टाकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. एमआरआयला जाताना शरीरात हृदयाचे यंत्र किंवा धातूचा तुकडा असेल तर आधी सांगावे.

तण लहान असते तेव्हा खुरप्याने निघते. पाट फोडून रानभर पसरल्यावर नांगरही कमी पडतो. घरातले वडीलधारे रात्री किती वेळा उठतात, हे सुनेला आणि नातवाला ठाऊक असते, पण बोलत कोणी नाही. ते एकदा आपुलकीने विचारावे आणि त्यांना डॉक्टरांकडे न्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.