वाद मुद्द्याचा, की माणसांचा?

भालकी, औराद किंवा आळंद तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या. जत्रेची वर्गणी, बचत गटाचं कर्ज नाहीतर पाण्याची पाळी, कशावरून तरी आवाज चढतोच. याची कारणं साधारण तीन असतात. वाटून घ्यायची गोष्ट कमी पडते, कुणी काय ठरवायचं हे स्पष्ट नसतं, किंवा आपल्याला न विचारताच निर्णय झाला असं वाटतं.

पण प्रत्येक वाद वाईटच असतो असं नाही. बाराव्या शतकात बिदर जिल्ह्यातल्याच कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात निरनिराळ्या जातींचे शरण आणि शरणी एकत्र बसत. अल्लमप्रभूंनी अक्कमहादेवींना कठीण प्रश्न विचारले आणि त्यांनी निर्भीड उत्तरं दिली, असं परंपरा सांगते. वादातून विचाराला धार आली.

त्याच कल्याणात पुढे उलटंही घडलं. शरणांमधल्या एका आंतरजातीय लग्नावरून बिज्जळ राजानं क्रूर शिक्षा दिली, हिंसाचार उसळला आणि शरणांना गाव सोडावं लागलं, अशी कथा आहे. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्यांवरच हात टाकला गेला.

सीमाप्रश्नातही या दोन्ही बाजू दिसतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले; भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरीक दोन्हीकडे, सरकारं मात्र वेगळी. या नाराजीला पुढे वाट मिळाली. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल अजून लागलेला नाही, पण म्हणणं मांडायला जागा आहे. ही झाली चांगली बाजू.

डिसेंबर 2022 मध्ये दुसरी बाजू दिसली. बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. एसटीनं कर्नाटकात जाणाऱ्या फेऱ्या काही काळ थांबवल्या. त्यातून सीमा एक इंचही हलली नाही. हाल झाले ते लेकीकडे, दवाखान्याला किंवा कामाला निघालेल्यांचे.

बचत गट असो की राज्य, खूण एकच. ‘काय चुकलं’ असं विचारलं जातंय तोवर वाद कामाचा. ‘तुम्ही लोक असेच’ हे वाक्य आलं, की मुद्दा संपला आणि भांडण सुरू झालं असं समजावं. तिथंच थांबून पुन्हा मुद्द्यावर यावं.