रुळाला न शिवणारा ब्रेक

कोलोन ते फ्रँकफर्ट हा जर्मनीतला अतिजलद रेल्वेमार्ग २००२ साली सुरू झाला. त्यावर काही ठिकाणी हजार मीटरला ४० मीटर असा उतार आहे. आपल्या बोरघाटात तो ३७ला १, म्हणजे हजाराला २७ मीटर. घाटात गाडी जपून उतरते. जर्मनीतल्या त्या मार्गावर मात्र आयसीई-३ ही गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने धावते.

ही गाडी आवरायला जो ब्रेक मदत करतो, तो कशालाच घासत नाही. मोटर नसलेल्या बोगींमध्ये, दोन चाकांच्या मधे विद्युतचुंबकांची रांग असते. ती खाली येते आणि रुळापासून जेमतेम ७ मिलिमीटरवर थांबते. आळीपाळीने मांडलेले उत्तर-दक्षिण ध्रुव रुळावरून धावू लागले, की पोलादात विजेचे भोवरे उठतात. हेच एडी करंट. त्यांचं चुंबकीय क्षेत्र गाडीला मागे खेचतं. रूळ पावसाने निसरडा झाला तरी या ब्रेकचं काही बिघडत नाही.

तत्त्व जुनंच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने ते १८५५ साली फिरत्या तांब्याच्या तबकडीवर दाखवलं. खरी कसोटी लागते ती संगणकावर त्याचं गणित मांडताना. वेग वाढतो तसा रोध वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे भोवरे चुंबकाचंच क्षेत्र परतवून लावतात आणि रोध उतरू लागतो. ताशी ३०० किलोमीटरला हे प्रवाह रुळाच्या वरच्या साधारण एक-दोन मिलिमीटरच्या थरातच कोंडतात. म्हणून फायनाइट एलिमेंट पद्धतीत रुळाचे जे बारीक तुकडे कल्पायचे, ते तिथे मिलिमीटरहूनही लहान लागतात. तुकडे मोठे ठेवले तर उत्तरात खोट्या लाटा उमटतात. त्यात पोलाद चुंबकत्वाने तृप्त होत जातं, त्यामुळे त्याचा गुणधर्म एकच आकडा धरून चालत नाही.

एवढं जमलं तरी, माझ्या मते, काम अर्धंच झालं. सुमारे ४०० टनांच्या गाडीत त्या वेगाला जवळपास ४०० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. तिच्यातला जेवढा वाटा हा ब्रेक उचलतो, तो सगळा उष्णता होऊन मुख्यतः रुळात उतरतो. सलग जोडलेल्या रुळाला लांबायला जागा नसते. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ एका अंशाने तापला, की त्यात सुमारे १८ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ दोन टनांचा दाब साठतो. मागोमाग गाड्या येऊन एकाच जागी ब्रेक लावू लागल्या, वर उन्हाळा असला, तर खडीवरचा रूळ बाजूला वाकू शकतो. म्हणून चुंबक, उष्णता आणि रुळातला ताण ही तिन्ही गणितं एकमेकांत गुंतवूनच सोडवावी लागतात. फक्त रोधाचा आलेख देणारं मॉडेल अपुरं आहे.

कोलोन-फ्रँकफर्ट मार्गावर रूळ खडीऐवजी काँक्रीटच्या पायावर पक्के बसवलेले आहेत, म्हणून तिथे हा ब्रेक रोजच्या वापरात आहे. खडीच्या मार्गांवर मात्र त्याच्या वापरावर बंधनं आहेत.