तमिळ मालिका बघायच्यात? 'सुळल'पासून सुरुवात करा

चेन्नईत राहून घरी फक्त मराठी-हिंदीच मालिका बघणाऱ्या मंडळींनो, ही पोस्ट तुमच्यासाठी!

पहिली 'सुळल' (प्राइम व्हिडिओ, 2022). इंग्रजी स्पेलिंग बघून सगळे 'सुझल' म्हणतात, पण तो 'तमिळ'मधला 'ळ'. अर्थ भोवरा. लेखन 'विक्रम वेधा'वाल्या पुष्कर-गायत्रीचं. डोंगरातलं छोटं गाव, सिमेंटचा कारखाना. एका रात्री कारखाना पेटतो आणि कामगार पुढाऱ्याची मुलगी बेपत्ता होते. त्याच वेळी गावात अंगाळम्मन देवीचा 'मयान कोल्लै' उत्सव चालू असतो. रंगवलेले चेहरे, अंगात येणं, स्मशानाकडे निघालेली गर्दी. जत्रेत वाढलेल्या मराठी माणसाला हे अजिबात परकं वाटत नाही. उत्सव जसा चढत जातो तसा तपासही. पार्तिबनने रंगवलेला पुढारी बाप तर चुकवू नकाच. आठ भाग आहेत, रात्री 'एकच बघू' म्हणून बसू नका, फसाल. दुसरा सीझन 2025 मध्ये आला, पण पहिल्याची सर नाही.

खून-मारामारी नको असेल तर 'मॉडर्न लव्ह चेन्नई' (2023): सहा स्वतंत्र प्रेमकथा. दिग्दर्शक भारतीराजांच्या गोष्टीत तर आपली रोजची मेट्रोच आहे.

जुनं काही हवं असेल तर नव्वदीच्या दशकातली, नागा दिग्दर्शित 'मर्मदेशम्' शोधा. निर्मिती के. बालचंदर यांच्या संस्थेची.

डबिंग टाळा, मूळ तमिळ ऐका आणि सबटायटल लावा. भाजीवालीशी बोलायलाही उपयोग होतो!