प्रत्येक गोचीड माकडतापाची नसते

काजूचा हंगाम सुरू झाला की दोडामार्ग-बांदा पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘गोचीड चावली, म्हणजे माकडताप आलाच.’ त्यावर दुसरं ठरलेलं उत्तर: ‘आम्हाला जन्मभर चावल्या, कुठं काय झालं?’ पहिल्या वाक्यानं माणूस धास्तावतो, दुसऱ्यानं ताप अंगावर काढतो. दोन्हीकडे चूक एकच. सगळ्या गोचिडी सारख्याच धरल्या जातात.

त्या सारख्या नसतात. गोठ्यात गाईच्या कानामागे टम्म फुगलेली गोचीड आणि पातेऱ्यात दबा धरून बसलेली, तिळाहून लहान पिल्लू-गोचीड यांत मोठा फरक आहे. माणसाला माकडताप देते ती मुख्यतः ही दुसरी. ती डिसेंबर ते मे या काळात जास्त सापडते आणि नेमकी तेव्हाच माणसं काजू वेचायला, लाकूडफाटा आणायला रानात असतात.

मग किती गोचिडींत विषाणू असतो? इथे बातम्या गोंधळ वाढवतात. संशोधक पाचोळ्यावरून पांढरं कापड ओढून गोचिडी गोळा करतात, जात आणि अवस्था ओळखतात आणि अनेक गोचिडी एकत्र वाटून त्यांचा एकच नमुना करतात. तो ‘पॉझिटिव्ह’ आला, याचा अर्थ त्या गठ्ठ्यात किमान एक बाधित होती, एवढाच. सगळ्या बाधित होत्या, असा नव्हे! या विषाणूच्या युरोपातल्या भाऊबंदाचं उदाहरण घ्या. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार, रोग असलेल्या भागातही साधारण ०.१ ते ५ टक्के गोचिडींतच तो विषाणू आढळतो.

पण सरासरीवर विसंबून चालत नाही, कारण विषाणू रानात सारखा पसरलेला नसतो. बाधित माकड मेलं की त्याचं रक्त प्यायलेल्या गोचिडी तिथेच गळून पडतात आणि तेवढा तुकडा धोक्याचा होतो. शेजारची बाग सुरक्षित असताना एखाद्या वाडीत रुग्ण का सापडतात, याचं एक कारण हे.

१९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) हा विषाणू शोधला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये दोडामार्गात आढळला. देशात वर्षाला साधारण ४०० ते ५०० रुग्ण होतात. संख्या थोडी आहे, पण शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात, हे विसरून चालणार नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. रुग्णाला शिवल्यानं हा ताप पसरत नाही. दुधातून तो माणसाला होतो, याला पुरावा नाही. माकड हा या रोगाचा बळी आहे, त्याला मारून रोग थांबत नाही. चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल ओतू नये, चटका देऊ नये. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी.

रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आणि रानातून आल्यावर आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘मी रानात गेलो होतो.’