मारुती ८०० अजून रस्त्यावर कशी?

आमच्या मोहल्ल्यात कुणी जुनी मारुती ८०० विकायला काढली, की चार दिवसांत गिऱ्हाईक दारात उभं. वर्गातली मुलं विचारतात, सर, बंद पडलेलं मॉडेल लोक घेतात कशाला? मुलांना सांगितलं तेच इथे लिहितो.

१९८३ पर्यंत आपल्याकडे गाडी म्हणजे ॲम्बॅसडर, नाहीतर आपल्या मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी. दोन्ही दणकट, पण जड. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. घाटात इंजिन तापलं की गाडी बाजूला घेऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची ती वेगळीच.

मग सरकारी मारुती उद्योगाने १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार केला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला चावी मिळाली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. १९८६ मध्ये गाडीचा आकार बदलला. आज डोळ्यांसमोर येते ती हीच ८००.

खरी गंमत तिच्या बनावटीत. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढेच बसवलेलं, आणि ते पुढचीच चाकं फिरवतं. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत लांब शाफ्ट न्यावा लागत नाही, आत जागा वाचते, वजनही घटतं. गाडी जेमतेम साडेसहाशे किलोची, म्हणून छोट्या इंजिनालाही ओझं होत नाही. कार्बोरेटरचं मॉडेल तर गावातला कुठलाही मिस्त्री खोलून साफ करी. थंडीत सकाळी चोक ओढायचा, बस्स. अब्बांनी आमची गाडी सेकंड हँड घेतली तेव्हा घरात आम्ही सात माणसं. बसलो सगळे! (कायद्याचं विचारू नका.)

धुराचे नवे नियम आले तेव्हा २०१० पासून मुंबईसह १३ शहरांत तिची विक्री थांबली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनही संपलं. तोवर देशात पंचवीस लाखांहून जास्त गाड्या खपल्या होत्या. तिची सख्खी बहीण पाकिस्तानात ‘मेहरान’ नावाने २०१९ पर्यंत बनत राहिली.

स्वस्तात मिळते म्हणून घेणार असाल, तर आधी खालचा पत्रा गंजलाय का बघा. मग आरसी बुक. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि तिची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली. शिवाय एअरबॅग नाही, पत्रा पातळ. बाजार, शाळा, दवाखाना यासाठी ठीक आहे. मुलाबाळांना घेऊन एक्स्प्रेस-वेवर मात्र आम्ही ती काढत नाही.

आमच्या गाडीच्या नोंदणीची मुदत यंदा संपतेय. अब्बा म्हणतात, इंजिन अजून एका चावीत सुरू होतं. अम्मी म्हणते, त्या पाच हजारांत घराचं छत गळायचं थांबेल. फॉर्म आणून ठेवलाय, भरलेला नाही.