भिंत, बांध आणि मनोरा

चीन देशाचे नाव निघताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक अजस्र भिंत उभी राहते. डोंगरांच्या माथ्यांवरून ती नागमोडी वळणे घेत क्षितिजापर्यंत गेलेली असते. चिनी संस्कृतीची खूण म्हणून ही भिंत जगभर ओळखली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या विशाल देशात हीच एक वास्तू पाहण्याजोगी आहे असे नाही. नैर्ऋत्येकडे, मिन नदीच्या पात्रात, सव्वादोन हजार वर्षांहून जुना एक बांध आहे. शीआन नगरात विटांचा एक उंच मनोरा आहे. भिंत शत्रूच्या भयातून जन्मली, बांध अन्नपाण्याच्या चिंतेतून, तर मनोरा ज्ञान जपण्याच्या तळमळीतून. ह्या तिन्ही वास्तूंची हकीकत एकत्र पाहिली, म्हणजे राष्ट्राने उभारलेल्या गोष्टी कशाच्या बळावर टिकतात हे स्पष्ट होते.

प्रथम भिंतीचा विचार करू. चीनच्या उत्तरेस गवताळ मैदाने आणि वाळवंटे आहेत. तेथील भटक्या टोळ्या घोडदौडीत निष्णात होत्या. त्या अचानक येत, शेतकऱ्यांची पिके व गुरे लुटीत आणि वाऱ्यासारख्या निघून जात. त्यांना अडविण्यासाठी निरनिराळ्या राज्यांनी आपापल्या सीमांवर तट बांधले होते. इ. स. पूर्व २२१ मध्ये चिन राज्याचा राजा शि-ह्वांग-ती ह्याने सर्व चीन एका छत्राखाली आणला व जुने तट जोडून घेण्याची आज्ञा केली. मंग थ्येन नावाच्या सेनापतीच्या हाताखाली सैनिक, कैदी व वेठीला धरलेले शेतकरी ह्या कामावर राबू लागले. ते तट बहुतांशी ठोकून घट्ट केलेल्या मातीचे होते, म्हणून आज त्यांचे थोडेच अवशेष उरले आहेत.

आज प्रवासी जी दगडविटांची भिंत पाहतात, ती मुख्यत्वे मिंग घराण्याच्या काळातील होय. ह्या घराण्याने १३६८ पासून १६४४ पर्यंत राज्य केले. १४४९ मध्ये मिंग सम्राटच मंगोल सैन्याच्या हाती सापडला. त्या आघातानंतर भिंतीच्या कामाला विशेष जोर आला. सोळाव्या शतकात छी जिग्वांग ह्या सेनापतीने तिच्यावर ठिकठिकाणी भक्कम बुरूज उभारले. विटा जोडण्याच्या चुन्यात त्या काळचे गवंडी चिकट तांदळाची पेज मिसळीत, त्यामुळे सांधे अतिशय पक्के होत. बुरुजांवर पहारेकरी असत. शत्रू दिसला की दिवसा धूर आणि रात्री जाळ करून ते पुढच्या बुरुजाला इशारा देत, आणि घोडेस्वाराने न्यावी त्याहून लवकर ती वार्ता राजधानीकडे पोहोचे. चीन सरकारने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या मोजणीप्रमाणे, निरनिराळ्या कालखंडांतील सर्व भिंती मिळून लांबी २१,००० किलोमीटरांहून अधिक भरते. ही भिंत चंद्रावरून दिसते, असे पुष्कळ वर्षे सांगितले जात असे; परंतु ते खरे नाही. २००३ मध्ये यांग लिवेई हा पहिला चिनी अंतराळवीर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, तेव्हा आपल्याला भिंत दिसली नाही, असे त्यानेच सांगितले.

भिंत बांधणाऱ्यांना मात्र ती फार जवळून दिसली होती. मंग ज्यांग-न्यू नावाच्या स्त्रीची लोककथा चीनमध्ये घरोघर ठाऊक आहे. तिच्या पतीला भिंतीच्या कामावर वेठीस नेले. हिवाळा आला, तेव्हा त्याच्यासाठी उबदार कपडे घेऊन ती शेकडो कोस चालत गेली. तेथे पोहोचल्यावर, तो श्रमाने मेला आणि भिंतीतच पुरला गेला, असे तिला कळले. तिने असा आक्रोश केला की भिंतीचा तेवढा भाग कोसळून पडला! ही कथा इतिहास नव्हे. पण ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत, त्या मजुरांचे दुःख प्रजेने ह्या कथेत साठवून ठेवले आहे.

एवढ्या कष्टांनी उभारलेल्या भिंतीने राज्याचे रक्षण केले काय? लहानसहान टोळ्यांना तिने पुष्कळदा अडविले. पण १६४४ मध्ये देशातच बंड झाले, राजधानी पेकिंग बंडखोरांच्या हाती पडली आणि मिंग सम्राटाने आत्महत्या केली. त्या वेळी भिंतीच्या पूर्व टोकाशी, शानहायग्वान येथे, वू सानग्वेई हा मिंग सेनापती पहाऱ्यावर होता. बंडखोरांशी लढण्यासाठी त्याने मांचू सैन्याशी हातमिळवणी केली आणि आपल्याच हातांनी दरवाजे उघडले. आत आलेले मांचू मग परत गेले नाहीत. १९१२ पर्यंत त्यांच्या घराण्याने चीनवर राज्य केले. भिंत तेथे पडली नव्हती. तिच्या आतील घडी विसकटली होती. पुढे भिंतीच्या दोन्ही अंगांचा मुलूख एकाच सत्तेखाली आल्यामुळे तिचे प्रयोजनच संपले. आसपासच्या गावकऱ्यांनी तिच्या विटा काढून घरे आणि गोठे बांधले. विसाव्या शतकात परकीय आक्रमणाशी झुंजताना चिनी लोकांना ती पुन्हा आठवली, ती एकजुटीचे प्रतीक म्हणून. १९८४ पासून तिच्या डागडुजीची मोठी मोहीम सुरू झाली. एके काळी जी परक्यांना दूर ठेवण्यासाठी बांधली, तीच पाहण्यासाठी आज देशोदेशींचे लोक येतात.

भिंतीहून अगदी निराळी अशी दुसरी वास्तू स-छ्वान प्रांतात आहे. तिचे नाव दुजियांगयान. ही वास्तू लांबून डोळ्यांत भरत नाही. नदीच्या मधोमध एक लांबट बांध, डोंगरात खोदलेली एक अरुंद खिंड आणि ह्यांच्यामध्ये एक ठेंगणा सांडवा, एवढाच तिचा पसारा. पण तिच्यामुळे एका संपूर्ण प्रदेशाचे नशीब पालटले.

मिन नदी उंच पर्वतांतून वेगाने उतरते. सपाटीवर येताच तिचा वेग मंदावतो आणि दगडगोटे व गाळ पात्रात साचतो. त्यामुळे पूर्वी बर्फ वितळून पाणी वाढले की ती काठ फोडून गावे बुडवी. आणि डोंगराच्या पलीकडे असलेले छेंगदूचे मैदान मात्र पाण्यावाचून तहानलेले राही. इ. स. पूर्व २५६ च्या सुमारास ली बिंग हा ह्या प्रांताचा सुभेदार होता. नदीला आडवी भिंत घालून पाणी कोंडावे, हा विचार त्याने केला नाही. त्याने नदी अडविली नाही, दुभागली.

त्याने पात्राच्या मध्यभागी माशाच्या तोंडाच्या आकाराचा बांध घातला. वाहत्या पाण्यात दगड ठरेनात, म्हणून बांबूच्या लांबोळ्या टोपल्या विणून त्यांत गोटे भरले व त्या एकावर एक रचल्या. अशा टोपल्यांतून पाणी थोडे झिरपते. त्यामुळे बांध लाटेच्या माऱ्याने फुटत नाही. ह्या बांधाने नदीचे दोन प्रवाह केले. आतला प्रवाह अरुंद व खोल, बाहेरचा रुंद व उथळ. पाणी कमी असते तेव्हा ते आपोआप खोल प्रवाहाकडे वळते आणि दहांतील सुमारे सहा हिस्से शेतीकडे जातात. पूर आला की हे प्रमाण उलटते आणि अधिक पाणी रुंद प्रवाहातून निघून जाते.

आतले पाणी मैदानात नेण्यासाठी डोंगर फोडणे आवश्यक होते. सुरुंगाच्या दारूचा शोध तेव्हा लागला नव्हता. म्हणून मजूर खडकावर मोठाले जाळ करीत आणि खडक तापून लाल झाला की त्यावर थंड पाणी ओतीत. खडकाला तडे जात. मग ते पहारींनी फोडीत. अशा रीतीने सुमारे वीस मीटर रुंदीची खिंड तयार झाली. तिच्यातून मावेल तेवढेच पाणी आत जाते. जे मावत नाही ते भोवरा घेत मागे वळते आणि सांड्यावरून गोटे व वाळू घेऊन बाहेरच्या प्रवाहात पडते. पाण्याच्या वेगानेच गाळाचा बराचसा निचरा होतो, ही ह्या रचनेतील मोठी युक्ती होय.

तरीही काही गाळ उरतोच. तो दर हिवाळ्यात, पाणी ओसरले असताना, उपसावा लागे. लाकडी तिवया रोवून प्रवाह तात्पुरता बंद करीत आणि लोक पात्रात उतरून खोदू लागत. किती खोल खोदावे ह्याची खूण म्हणून तळाशी लोखंडी कांबी पुरलेल्या असत. त्या दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही. पात्र खोल उपसावे आणि सांडवा ठेंगणा ठेवावा, हा नियम पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. चिन घराणे लयाला गेले, त्यामागून कितीतरी राजवटी आल्या आणि गेल्या. पण गाळ उपसण्याचे काम प्रत्येकीने चालू ठेवले. १९७४ मध्ये नदीच्या पात्रातून ली बिंगचा एक दगडी पुतळा निघाला. त्यावरील लेखावरून तो इ. स. १६८ मधील असल्याचे समजते. म्हणजे ली बिंगच्या मृत्यूनंतर चार शतकांनीही लोक त्याला विसरले नव्हते. आता बांबूच्या टोपल्यांच्या जागी काँक्रीट आले आहे आणि नवे दरवाजेही बसविले आहेत. परंतु मूळ रचना तीच आहे. आज तिच्या पाण्यावर सहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजते. १२ मे २००८ रोजी त्या भागात भयंकर भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. बांधाशेजारच्या मंदिराचे सभामंडप ढासळले. बांधालाही भेगा पडल्या, पण पाटांचे पाणी वाहत राहिले.

तिसरी वास्तू शीआन नगरात आहे. ह्या नगराचे जुने नाव छांग-आन. तेथील मनोऱ्याची कथा भारताशी, आणि काही अंशी महाराष्ट्राशीही, जोडलेली आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग नावाचा एक तरुण बौद्ध भिक्षू तेथे अध्ययन करीत होता. चिनी भाषेतील धर्मग्रंथांत त्याला परस्परविरोधी वचने आढळली. मूळ ग्रंथ पाहिल्यावाचून शंका फिटणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले. परंतु त्या वेळी सीमेबाहेर जाण्यास राजाची मनाई होती. इ. स. ६२९ च्या सुमारास तो एकटाच गुप्तपणे निघाला. सरहद्दीवरील पहिल्याच पहाऱ्याच्या बुरुजाजवळ, रात्री पाणी घेत असता, त्याच्यावर बाण सुटले. तो पकडला गेला. पण त्याचा निश्चय पाहून तेथील अधिकाऱ्याने त्याला अन्नपाणी देऊन पुढे जाऊ दिले. देशाची सीमा राखणाऱ्यानेच ज्ञानाच्या प्रवाशाला वाट करून दिली!

पुढे वाळवंटे व हिमाच्छादित पर्वत ओलांडून ह्युएनत्संग भारतात आला. नालंदा विद्यापीठात त्याने आचार्य शीलभद्रांच्या चरणांशी बसून अध्ययन केले. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. तेथे त्या वेळी चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक मानी आहेत, उपकार करणाऱ्याचे ते ऋण मानतात आणि अपमान करणाऱ्याला सोडीत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याने वर्णिलेला एक लेण्यांचा विहार अजिंठ्याचा असावा, असे विद्वान मानतात.

इ. स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन छांग-आनला परतला. आज्ञाभंग करून गेलेल्या ह्या भिक्षूचे सम्राटाने सन्मानाने स्वागत केले. ग्रंथ तर आले. पण आगीपासून आणि काळापासून त्यांचे रक्षण कसे व्हावे? ह्यासाठी ६५२ मध्ये मनोरा बांधण्यास आरंभ झाला. पन्नाशीला आलेल्या ह्युएनत्संगाने स्वतः विटा व दगड वाहिले, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. मनोऱ्याला ‘रानहंसाचा मनोरा’ असे नाव पडले. मगध देशातील एका विहारात हंसाच्या स्मरणार्थ स्तूप बांधल्याची कथा ह्युएनत्संगाने सांगितली होती. तिच्यावरून हे नाव आले असे मानतात. पहिला मनोरा आतून मातीचा असल्यामुळे पन्नास वर्षांतच खचला. तेव्हा सम्राज्ञी वू हिने तो विटांनी पुन्हा बांधविला. सोळाव्या शतकातील मोठ्या भूकंपात त्याची हानी झाली. पुन्हा दुरुस्ती झाली. आज तो सात मजली असून सुमारे ६४ मीटर उंच आहे. थांग राजवटीत राज्याच्या कठीण परीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आपली नावे तेथे लिहून जात. विद्येच्या ह्या स्थानी आपले नाव असावे, ही त्यांची मोठी आकांक्षा असे.

ह्युएनत्संग मात्र नुसता मनोरा बांधून स्वस्थ बसला नाही. पोथ्या कितीही भक्कम ठिकाणी ठेवल्या तरी वाचल्यावाचून त्या मुक्याच राहणार, हे तो जाणून होता. इ. स. ६६४ मध्ये त्याचा अंत झाला, तोपर्यंत एकोणीस वर्षे तो भाषांतर करीत राहिला. त्याने पंचाहत्तर ग्रंथ चिनी भाषेत आणले. पुढे नालंदा उद्ध्वस्त झाले आणि कित्येक संस्कृत ग्रंथ भारतातून नाहीसे झाले. त्यांतले काही आज उपलब्ध आहेत, ते ह्या चिनी भाषांतरांमुळेच. एका देशातील दिवा विझला, तेव्हा त्यावरून लावलेला दिवा दुसऱ्या देशात तेवत होता.

भिंत, बांध व मनोरा ह्या तिन्ही वास्तूंना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले आहे. प्रवाशाला भिंतीची लांबी थक्क करते, मनोऱ्याची उंची आकर्षित करते, आणि बांध कदाचित लक्षातही येत नाही. तथापि छेंगदूच्या मैदानातील शेतकऱ्याला विचारले, तर तो बांधाचेच नाव आधी घेईल. तेथे दरवर्षी एप्रिलच्या आरंभी पाणी सोडण्याचा सोहळा होतो. जुन्या प्रथेप्रमाणे लाकडी तिवयांचे दोर तोडतात, पाणी खळाळत पुढे धावते आणि काठावर जमलेले लोक आनंदाने ओरडतात. ली बिंगच्या नंतर त्या पात्रात उतरून गाळ उपसणाऱ्या असंख्य हातांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. परंतु त्यांनी राखलेले पाणी आजही शेतांत पोहोचते.